घरीच कापलेला ताजा सांबर

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. मला कुत्र्याची भीती वाटते, लिफ्टची वाटते, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनची वाटते. सरकारी खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाची तर इतकी वाटते की, पोस्टात तिकीट मागतानाही माझा आवाज आपोआप बारीक होतो. अशा माणसाने बावन्नाव्या वर्षी धंदा काढू नये. पण आमच्या कंपनीने नागपूरचं ऑफिस बंद केलं आणि माझ्यापुढे दोनच रस्ते राहिले. एक, पुण्याला जाऊन मेहुण्याच्या, म्हणजे विहंगच्या, ऑफिसात टेबल-खुर्ची धरून बसायचं. दोन, सुमतीच्या हातच्या सांबारवड्या विकायच्या.

सांबार म्हणजे काय, हे नागपुरात कुणाला सांगावं लागत नाही. घाटापलीकडच्या मंडळींसाठी सांगतो, तुमची ती कोथिंबीर म्हणजे आमचा तो सांबार. इडलीसोबत वाटीत येतो त्याच्याशी याचं काही नातं नाही. बेसनाच्या पातळ पोळीत हिरवागार, मसालेदार सांबार ठासून भरायचा, गुंडाळी करून तळायची आणि कढीसोबत खायची. ही वडी सुमती अशी करते की, खाणारा माणूस बोलायचा थांबतो. पुण्याला गेलो तर हे सगळं सुटणार होतं. तिथे मी भाजीवाल्याकडे सांबार मागितला असता तर त्याने मला हॉटेलात पाठवलं असतं, आणि मी भीतीपोटी गेलोही असतो.

विहंगने मुदत दिली होती. "भाऊजी, डिसेंबरच्या शेवटच्या सोमवारी सांगा. त्याच्यापुढे जागा ठेवता येणार नाही." म्हणजे त्या सोमवारच्या आत निदान एक ऑर्डर धडपणे पार पाडून दाखवायची, नाहीतर बिऱ्हाड पुण्याला हलवायचं, असं आमचं ठरलं.

सुमती महाल भागातल्या एका शाळेत तिसरीला शिकवते. पहिले दहा दिवस मी नुसता गॅलरीत बसून विचार करतोय हे पाहून ती म्हणाली, "माझ्या वर्गातले पोरं एका चांदणीसाठी सतराचा पाढा पाठ करतात. तुम्हाले काहून जमणार नाही?"

दुसऱ्या दिवशी फ्रीजच्या दारावर ड्रॉइंग पेपर लागला. डावीकडे कामं, उजवीकडे गुण. शंभर गुण झाले की वरची पायरी, अशा दहा पायऱ्या. आणि सगळ्यात वर सुमतीच्या तीन लाल टिकल्या. त्या माझे जीव होते. एखाद्या कामाला मी भिऊन माघार घेतली की एक टिकली निघणार, तिन्ही निघाल्या की खेळ खलास, विहंगला फोन.

खेळ मला एकदम मानवला. पहिल्या आठवड्यात मी धंद्याचं नाव ठरवलं (दहा गुण). ते आवडलं नाही म्हणून दुसरं ठरवलं (पुन्हा दहा). अॅप्रन आणला, रबरी शिक्का करवून घेतला, व्हिजिटिंग कार्डावर वडी उजवीकडे असावी की डावीकडे यावर तीन दिवस घालवले. पंधरा दिवसांत मी चौथ्या पायरीवर होतो. वडी मात्र एकही विकली गेली नव्हती, कारण वडी विकणे हे काम मी यादीत सगळ्यात खाली लिहून ठेवलं होतं आणि तिथपर्यंत नजर जाऊ नये म्हणून त्याच्यावर वीजबिलाचं चुंबक लावलं होतं.

वरच्या मजल्यावरचे चंपतराव एसटीतून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी पेपर मागायला येत आणि आधी फ्रीज पाहत.

"काय गा मधुभाऊ, काल काहीच नाही वाढले तुमचे गुण. झोपून राहिले का?"

हळूहळू तळमजल्यावरच्या रंभाबाईही येऊ लागल्या. जिन्यात भेटणारा माणूस "कसे आहात" विचारायच्या ऐवजी "किती झाले" विचारू लागला. मला आता धंद्यापेक्षा त्या कागदाचीच जास्त धास्ती वाटू लागली.

पहिली टिकली गेली खाद्यपदार्थ विकण्याच्या परवान्याच्या खिडकीवर. माझा अर्ज परत आला होता. खिडकीतले गृहस्थ सोलापूरकडचे, नवीनच बदलून आलेले. ते म्हणाले, "सांबार हा पातळ पदार्थ आहे. पातळ पदार्थाची वडी कशी होईल? खुलासा जोडा."

खुलासा माझ्या जिभेवर होता. एका वाक्याचं काम होतं. पण त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मी म्हणालो, "बरोबर आहे साहेब, नाही होत." आणि घरी आलो. सुमतीने सगळं ऐकून घेतलं, नखाने टिकली काढली आणि स्वतःच्या कपाळाला लावली.

दुसरी गेली एका मिठाईच्या दुकानासमोर. आत जाऊन नमुना द्यायचा होता. मी दुकानासमोरून तीन फेऱ्या मारल्या, चौथ्या वेळी मालकाने "काय पायजे?" म्हणून विचारलं, तेव्हा मी बाजूच्या किराणा दुकानात शिरलो आणि पाव किलो साबुदाणा घेऊन परत आलो. वड्यांचा डबा पिशवीत तसाच होता. सुमती म्हणाली, "साबुदाणा घरात दोन किलो पडला आहे," आणि हात टिकलीकडे नेला.

आता फ्रीजवर एकच लाल ठिपका उरला. दूध काढायला दार उघडतानासुद्धा मी ते हळू उघडत असे, न जाणो हवेने पडायची.

अशात रंभाबाईंनी ऑर्डर दिली. त्यांची भाची पायल, तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रविवारी कामठीला होतं. "काय वं सुमती, दोनशे वड्या होईन का? पाहुणे खूप येऊन राहिले." सुमतीने हो म्हटलं. रविवार म्हणजे मुदतीच्या आदला दिवस. परवाना नव्हता, एक जीव होता आणि मी दोन वेळा जेवलो नाही.

चंपतरावांनी तोड काढली. "जाहिरात करा. अनोळखी माणसाले जाहिरात पाठवली का पाच गुण, असं लिहिलं आहे ना तुम्ही? मंग एक एक काहून पाठवता? ग्रुपमंदी टाका. दोनशे माणसं, एका फटक्यात हजार गुण!"

हजार गुण! हाव सुटली, दुसरं काय. मी गॅलरीत बसून मोबाइलवर मराठीत मजकूर लिहिला. माझा मोबाइल स्वतःला माझ्यापेक्षा शहाणा समजतो. मी लिहायचो एक, तो करायचा दुसरं. तरी मी नेटाने लिहिलं आणि मला जोडलेल्या यच्चयावत ग्रुपांत टाकून दिलं. मजकूर असा होता:

"काटोलचा ताजा सांबर! रोज सकाळी आणतो. घरीच साफ करतो, घरीच बारीक कापतो. भरपूर सांबर घातलेली खुसखुशीत सांबर वडी. तीन पिढ्यांची पद्धत. साक्षगंध, बारसे, वाढदिवसाच्या ऑर्डर घेतो."

एक काना कमी पडला होता. तो मला दिसला नाही, सुमतीला दिसला नाही, चंपतरावांनी मोठ्याने वाचून दाखवलं तरी त्यांनाही दिसला नाही. नागपूरच्या माणसाच्या डोळ्याला सांबर लिहिलं काय अन् सांबार लिहिलं काय, हिरवी जुडीच दिसते. पण त्या ग्रुपांत एक ग्रुप जंगलप्रेमींचा होता. दोन वर्षांपूर्वी आम्ही वाघ पाहायला गेलो होतो, वाघ दिसला नाही, पण ग्रुपात मात्र राहून गेलो होतो. आणि त्या ग्रुपात माणसं मुंबईची, नाशिकची, कुठकुठली होती.

अर्ध्या तासात एका अनोळखी नंबरवरून निरोप आला. "हे खरं आहे?"

मी मोबाइल पालथा ठेवला. पण यादीत लिहिलं होतं, 'अनोळखी गिऱ्हाइकाशी न घाबरता बोलणे, पन्नास गुण.' मी दोन्ही हातांनी मोबाइल धरला आणि उत्तर दिलं, "शंभर टक्के खरं."

"सांबर कुठून आणता?"

"काटोलहून. सकाळच्या बसने येतो. बर्डीच्या बाजारातही मिळतो, पण तिथला शिळा असतो."

मग आलं, "कापतं कोण?"

"बायको. तिचा हात फार सफाईचा आहे. दहा मिनिटांत सगळा साफ करते."

"लाज नाही वाटत?"

तळणाच्या विरुद्ध असलेला कुणी डाएटवाला असावा, असं मला वाटलं. अशा माणसाशी गोडीने बोलावं असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी लिहिलं, "एकदा खाऊन तर पाहा. आमचे शेजारीपाजारी सगळे खातात. शाळेतल्या बाईसुद्धा डब्यातून नेतात."

आयुष्यात अनोळखी माणसाशी इतक्या निर्भयपणे मी कधी बोललो नव्हतो. स्वतःच उठून फ्रीजवर पन्नास गुण लिहिले आणि त्यांच्याभोवती चौकट काढली.

बुधवारी दुपारी फोन आला. मागे सुमतीच्या कुकरची शिट्टी झाली आणि मला पहिलं वाक्य अर्धंच ऐकू आलं. "...न खात्यातून बोलतोय. तुमच्या सांबरवडीबद्दल तक्रार आली आहे. उद्या सकाळी येतो. घरीच थांबा. माल हलवायचा नाही."

अन्न खातं! परवाना नसताना ऑर्डर घेतली, ते कुणीतरी कळवलं होतं. मी "हो" म्हणालो की नुसताच श्वास सोडला, ते मला आजही सांगता येणार नाही. त्याच दिवशी सकाळी रविवारच्या रंगीत तालमीसाठी सहा किलो सांबार आणला होता. अर्धा निवडून, कापून, थोड्या वड्याही करून झाल्या होत्या.

"माल दिसला नाही तं गुन्हाच नाही," चंपतराव म्हणाले. "आणा इकडे. थंडीचे दिवस आहेत, माझा कूलर रिकामाच पडला आहे."

उरलेला सांबार आम्ही धुतलेल्या चादरीत गुंडाळला आणि चंपतरावांच्या कूलरमध्ये नेऊन ठेवला. वरून ताडपत्री टाकली. जन्मात एकदाही लाल सिग्नल तोडला नाही आणि आता चादरीत गुंडाळून माल लपवून ठेवला होता.

गुरुवारी सकाळी साहेब आले. साध्या कपड्यांत होते. त्यांनी ओळखपत्र दाखवलं, पण घाबरल्यावर मला वाचता येत नाही. एक माणूस त्यांनी खाली जिन्यापाशी उभा केला, कुणी पिशवी घेऊन पळू नये म्हणून. साहेब सांगलीकडचे होते, हे त्यांच्या बोलण्यावरून कळलं. सुमती शाळेतून रजा घेऊन स्वयंपाकघरात होती.

"सांबर कुठं आहे?" त्यांनी बसल्या बसल्या विचारलं.

"थोडाच होता, साहेब."

"किती?"

"सहा किलो."

"आणि बाकीचा?"

"बाकीचा काटोललाच आहे. शेतात उभा आहे."

साहेब पुढे सरकले. "जिवंत आहे?"

प्रश्न जरा विचित्र वाटला, पण प्रत्येक खात्याची भाषा वेगळी असते. मी म्हणालो, "वेळेवर पाणी मिळालं तर पंधरा दिवस काही होत नाही त्याला."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मग खिशातून एक कागद काढला. त्यावर माझं आणि त्या अनोळखी गिऱ्हाइकाचं सगळं बोलणं छापलेलं होतं, शाळेतल्या बाईंसकट. "तुमच्याच शब्दांत आहे. कापते बायको. त्यांना बाहेर बोलवा. गुन्हा गंभीर आहे. दोघांनाही यावं लागेल."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं. पडद्याच्या फटीतून सुमतीचा हात दिसत होता, ओटा घट्ट धरून ठेवलेला. माझ्या सगळ्या भीतींना आजवर या बाईचा आधार होता, आणि ती बाई भ्यायली होती. मला इतकं वाईट वाटलं की, भीती वाटायची ती क्षणभर राहूनच गेली.

मी उभा राहिलो. "बायकोचा काही संबंध नाही," मी म्हणालो. आवाज बारीक झाला नव्हता, हे मला नंतर रंभाबाईंनी सांगितलं, त्या दाराबाहेर उभ्या होत्या. "आणतो मी, कापतो मी, तळतो मी. ते मी बढाई म्हणून लिहिलं होतं. न्यायचं तर मला एकट्याला न्या."

पडदा सरला. सुमती बाहेर आली. चेहरा पांढरा पडला होता, पण तिसरीच्या वर्गाचा आवाज शाबूत होता. "खोटं बोलून राहिले हे, साहेब. मीच कापते. यांच्याच्यानं तं लिंबू बी सरळ कापल्या जात नाही."

"माल कुठं आहे?" साहेब दोघांवरही ओरडले.

"चंपतरावांच्या कूलरमंदी," सुमती म्हणाली.

सगळे वर गेलो. चंपतराव दारातच "मी भाड्यानं दिला आहे कूलर" असं काहीतरी सांगू लागले. साहेबांनी ताडपत्री बाजूला केली, नाकाला रुमाल लावला, आणि चादरीचं टोक धरून जपून उचललं.

आत सांबार होता. हिरवागार, थंडीने टवटवीत राहिलेला. वासाने खोली भरून गेली.

साहेबांनी जुड्या उचलून खाली पाहिलं. कूलरची टाकी तपासली. मागच्या जाळीत हात घातला. "सांबर कुठं आहे?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हा काय," आम्ही चौघं एकदम म्हणालो.

"ही कोथिंबीर आहे!"

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून खाली उभा केलेला माणूस वर आला. तो रामटेककडचा होता. त्याने डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, हा तं सांबार आहे."

"मी तेच विचारतोय, सांबर कुठं आहे? शिंगंवाला!"

शिंगं म्हटल्यावर मला सगळं एकदम उलगडलं. अन्न नव्हे, वन. वन खातं! मी जाहिरातीतून दोनशे लोकांना कळवलं होतं की आम्ही रोज काटोलहून एक हरीण आणतो आणि माझी बायको ते दहा मिनिटांत साफ करते. मी तिथेच कूलरच्या कडेवर बसलो आणि कूलर माझ्यासकट भिंतीला टेकला.

पण सरकारी तक्रार नुसती हसून मिटत नाही, कागदावरच मिटवावी लागते. साहेबांनी पंचनामा मांडला. पंच म्हणून चंपतराव आणि रंभाबाई. "सदर इसमाचे घरी व सदर कूलरमध्ये कोणताही वन्यप्राणी अथवा त्याचा भाग मिळून आला नाही. स्थानिक बोलीत सांबार म्हणजे कोथिंबीर, असे पंचांनी एकमुखाने सांगितले. सदर वडी पूर्णपणे वनस्पतिजन्य असल्याचे खाऊन पाहता आढळले." खाऊन पाहणं तपासाचा भाग होता. साहेबांनी तीन वड्या तपासल्या. "आमच्याकडं हिला कोथिंबीर वडी म्हणतात," असं ते बोलून गेले, तेव्हा रंभाबाईंनी पेन खाली ठेवलं. "ती वेगळी जी. असं लिहिलं तं मी सही नाही करणार." शेवटी ते वाक्य वगळून सह्या झाल्या.

ते गेल्यावर सुमती फ्रीजसमोर बराच वेळ उभी होती. तिने चौकटीतले पन्नास गुण खोडले. मग पेन्सिल तशीच हातात धरून म्हणाली, "तुम्ही मले वाचवाले खोटं बोलले. त्याचे किती लिहू, मले समजूनच नाही राहिलं." मग पदराने डोळे पुसले आणि कागद खाली काढून ओट्याला अंथरला, त्याच्यावर बेसन चाळायला. मी चाळणी आणून दिली.

शुक्रवारी मी परवान्याच्या खिडकीवर पंचनाम्याची प्रत ठेवली. सोलापूरकडच्या गृहस्थांनी ती दोनदा वाचली. सही, शिक्का, जावक क्रमांक, दोन पंच. एका सरकारी खात्याने दुसऱ्या सरकारी खात्याला सांबाराचा अर्थ लेखी कळवला होता. "हा खुलासा आधीच जोडायचा होता ना," ते म्हणाले आणि अर्ज पुढे सरकवला. मला त्यांची भीती वाटली, पण मी तिथून हललो नाही. शनिवारी परवाना मोबाइलवर आला.

रविवारी दोनशे वड्या मांडीवर घेऊन ऑटोने कामठीला गेलो. हॉलमध्ये पंगत बसली तेव्हा मी पाण्याच्या ड्रमामागे उभा होतो. एका म्हाताऱ्या पाहुण्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. माझी पाचावर धारण बसली. काही सेकंद गेले. त्यांनी डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं, आणि शेजारच्याच्या पानातली वडी उचलली. तासाभरात डबे रिकामे झाले. निघेपर्यंत दोन जणांनी माझा नंबर घेतला, एकाला तर पाचशे हव्या होत्या. पाचशे! परतीच्या वाटेवर मी सारखा पाचशे वड्यांच्या सांबाराचा हिशेब करत होतो, आणि ही भीती आधीच्या सगळ्या भीतींपेक्षा मोठी होती.

सोमवारी बरोबर अकराला विहंगचा फोन आला.

"मग भाऊजी, काय ठरलं? उगाच घाबरत बसू नका. इथे दहा ते सहा काम. वरती साहेब नाही, खिडकी नाही, गिऱ्हाईक नाही. कसली म्हणजे कसलीच भीती नाही."

मी पाठ केलेलं सगळं विसरलो. "म्हणूनच नाही येत, विहंग," मी म्हणालो. "मले आता भीतीशिवाय करमत नाही."

मग तो हळूच म्हणाला, "ताईला द्या जरा."

सुमतीने बेसनाचे हात पुसून फोन घेतला. बराच वेळ ती ऐकत होती.

"हो, मीबी ऐकलं," ती म्हणाली. "नाही रे, डॉक्टरले कायले दाखवाचं? तब्येत चांगली आहे त्यांची. धंदा सुरू झाला, म्हणून तसे बोलून राहिले."